पाचवी निवडणारी

एप्रिल निम्मा सरला की जवळा बाजारहून हट्ट्याकडं जाताना गाडीच्या काचा वर केल्या तरी शिजलेल्या हळदीचा वास आत येतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हळद वाळत पडलेली असते, पॉलिशचे ड्रम दिवसभर खडखडत असतात, आणि दुपारपर्यंत माणसांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या होतात.

शिला राठोडला हा वास लहानपणापासूनचा. शिरड शहापूरजवळच्या तांड्यावर ती वाढली. तिची आई बेबीबाई एकोणीस हंगाम हळद निवडायला गेली. विसाव्या हंगामात धुळीनं तिला असा दम लागला की ओट्यावरून हापशापर्यंतही जाववेना. शिला तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. पुढं सात वर्षं तिनं पुण्याच्या एका कारखान्यात यंत्रमानव बसवले, त्यांना काम शिकवलं, आणि एक दिवस राजीनामा देऊन परत आली. काहून आलीस असं कुणी विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "हळद निवडायला माणसाची छाती लागू नये."

जवळा बाजारच्या बाहेर, कालव्याला लागून, शेतकऱ्यांच्या एका कंपनीची पत्र्याची मोठी शेड होती. कंपनीचे अध्यक्ष उत्तमराव यांनी तिला एक कोपरा, वीज आणि एक हंगाम दिला. त्या कोपऱ्यात तिनं पट्टा बसवला आणि पट्ट्यावर एक यांत्रिक हात. शेडमधल्या बायका त्याला नुसतं 'हात' म्हणायच्या.

काम सोपं दिसतं. लांब कांडी एकीकडं, गोल गट्टू दुसरीकडं, आतून पोकळ माल तिसरीकडं. पहिल्या दोन गोष्टी कुठल्याही कॅमेऱ्याला कळतात. पोकळ कांडी मात्र वरून चांगल्या कांडीसारखीच असते. बायका ती तळहातावर जराशी उडवतात, झेलतात आणि टाकून देतात. कसं कळलं ते त्यांनाही सांगता येत नाही. म्हणूनच शिलानं यंत्राला नियम लिहून दिले नव्हते. त्यानं बायकांकडं बघून शिकायचं होतं.

निवडणाऱ्या चौघी होत्या. भागूबाई सगळ्यांत जुन्या, बावीस वर्षांपासूनच्या. मग द्वारकाबाई, रुख्मिणीबाई आणि मागच्या वर्षी लग्न होऊन आलेली मिना. हात चालू झाला की चौघींना पिशव्या भरायचं काम मिळेल, हे शिलानं उत्तमरावांकडून आधीच कबूल करून घेतलं होतं. एकवीस दिवस छताचे कॅमेरे ढिगाकडं बघत राहिले. कुठली कांडी ढिगातून उचलली, कुठल्या टोपल्यात पडली, याची एकेक नोंद झाली.

बाविसाव्या दिवशी शिलानं सगळ्या नोंदी प्रोग्रॅमला दिल्या. प्रत्येकीची निवडायची लकब वेगळी. कुणी ढिगाच्या कडेनं उचलतं, कुणी मधून. त्या लकबी ओळखून प्रोग्रॅमनं स्वतःच गट पाडायचे होते. किती, ते तिनं सांगितलं नव्हतं.

प्रोग्रॅमनं पाच गट पाडले.

तिला त्यात विशेष वाटलं नाही. दमलेलं माणूस दुपारनंतर वेगळ्या तऱ्हेनं काम करतं, तेव्हा एकीचेच दोन गट झाले असतील. तिनं वेळा तपासल्या. पाचवा गट सकाळीही होता, दुपारीही होता, आणि चौघी निवडत असतील त्याच क्षणी तोही निवडत होता. शंभरातल्या अकरा कांड्या त्याच्या होत्या.

आणखी एक गोष्ट होती. बाकीच्या चौघी पोकळ कांडी उचलून, झेलून मग टाकत. पाचवा गट पोकळ कांडीला हातच लावत नव्हता. एकवीस दिवसांत एकदाही नाही.

त्या दुपारी तिनं ऑफिसच्या खोलीत बसून कॅमेऱ्यातलं चित्र एकेक करून पुढं सरकवलं. बाहेर ऊन रणरणत होतं, पत्रा तडतडत होता. भागूबाई आणि द्वारकाबाई यांच्या मधल्या बाजूला, ढिगाच्या कडेला, एक कांडी पडलेली होती. पुढच्या चित्रात ती टोपल्यात होती. मधे कुणाचा हात आला नव्हता. शिलानं दुसरी जागा शोधली, तिसरी शोधली. अशा चाळीस कांड्या बघून झाल्यावर ती पाणी प्यायली. तेव्हा तिचं लक्ष चित्रातल्या बायकांकडं गेलं. चौघी ढिगाभोवती खेटून बसल्या होत्या, फक्त भागूबाई आणि द्वारकाबाई यांच्यामधे एका माणसाची जागा मोकळी होती. एकवीसही दिवस.

ती तशीच उठून शेडमध्ये गेली.

"भागूबाई, ही मधली जागा काहून सोडता?"

"सोडत न्हाई. तशाच बसतो आमी."

"कधीपासून?"

भागूबाईंचे हात थांबले नाहीत. "मी पयल्या दिवशी कामावर आले तवा तिथंच बसाया लागले व्हते. जुनी बाई म्हनली, तिथं न्हाई, इकडं बस. मी बसले. कामाला आले व्हते, इचारायला न्हाई."

"पण ही शेड तर आठ वर्षांची आहे."

"व्हय. त्याच्या आदी बसस्टँडामागच्या खळ्यावर व्हतो. तिथं बी अशाच बसायचो."

"तिथं कोण बसायचं?"

द्वारकाबाई उठून टोपलं रिकामं करायला गेल्या. मिना खाली बघत राहिली. भागूबाई म्हणाल्या, "कुनी बसलं असतं तर जागा मोकळी कशी ऱ्हायली असती, शिलाबाई?"

शिलाला राग आला, पण तो स्वतःचा. तिचा हिशोब कुठंतरी चुकत होता आणि चूक सापडत नव्हती. नऊ दिवसांनी सहा गावांचे शेतकरी हात बघायला येणार होते. तिनं ठरवलं, कारण सापडल्याशिवाय हात चालू करायचा नाही.

मग तिनं एकेक गोष्ट बदलून पाहिली. कॅमेरे बदलले, गट पाचच. ढीग शेडच्या दुसऱ्या टोकाला नेला, पाचच. रुख्मिणीबाई एक दिवस लेकीकडं गेल्या, त्या दिवशी तिघी होत्या आणि गट चार. शेवटी तिनं चौघींना मधली जागा न सोडता बसायला लावलं. त्या बसल्या, पण घटकाभरात कुरकुर सुरू झाली. मिना सारखी सरकत होती.

"काय होतंय गं?"

"काही न्हाई, ताई. दाटून राहिलं." मिनाच्या पलीकडं पाच हात जागा रिकामी होती.

त्या दिवशीही गट पाचच निघाले.

उत्तमरावांना तिनं सगळं सांगितलं. भला माणूस, त्यांनी ऐकून घेतलं, मग हाताची चाचणी बघायची म्हणाले. तिनं पाचही गटांवर शिकलेला हात चालवून दाखवला. हात पट्ट्यावरून झरझर फिरत होता आणि पोकळ कांड्या न शिवता पुढं जाऊ देत होता. उत्तमरावांनी पुढं गेलेल्या वीस कांड्या अडकित्त्यानं फोडल्या. वीसच्या वीस पोकळ.

"शिलाबाई, हे तर बायांच्या वरचढ झालं! मग तकलीफ काय आहे?"

"यंत्र हे चौघींकडून शिकलं नाही. कुणाकडून शिकलं, मला माहीत नाही."

"पाच दाखवू द्या न्हाई तर पंचवीस. चालून राहिलं ना बराबर?"

"ज्याचं मूळ मला माहीत नाही, ते मी लोकांना विकणार नाही," शिला म्हणाली. उत्तमरावांनी अडकित्ता धोतराला पुसला आणि खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शिला स्वतः त्या मधल्या जागेवर जाऊन बसली.

चौघींचे हात एकदम थांबले. भागूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "उठा तिथून."

"का?"

"बसू नका, बाई," एवढंच त्या परत म्हणाल्या.

"एक वाजेपर्यंत बसते. तुम्ही तुमचं काम करा."

जमीन गार होती. बेचाळीस डिग्री ऊन, वरून तापलेला पत्रा, आणि तेवढीच फरशी नुकतं पाणी शिंपडल्यासारखी गार. शिलानं ते वहीत टिपलं, वही बाजूला ठेवली आणि निवडायला लागली. लहानपणी सुट्टीत आईजवळ बसून ती निवडायची, तशी. पहिल्या पंधरा मिनिटांत बोटं अडखळली. मग सरावली. कांडी, कांडी, गट्टू, कांडी. पोकळ कांडी दिसली की हात आपोआप तिच्यावरून पुढं जाई. भीती वाटत नव्हती. उलट, खूप दिवसांनी आपल्या माणसांत येऊन बसल्यासारखं वाटत होतं. पॉलिशच्या ड्रमची खडखड लांब गेली. कुणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं, ते समजत नव्हतं, पण चांगलं वाटत होतं.

"एक वाजला," मिना म्हणाली.

शिलानं समोर पाहिलं. तिचं टोपलं काठोकाठ भरलं होतं. बोटं पेरांपर्यंत पिवळी झाली होती.

जेवायच्या आधीच तिनं नोंदी प्रोग्रॅमला दिल्या. आज निवडणाऱ्या पाच आणि ती न कळणारी एक, म्हणजे गट सहा यायला हवे होते.

पाच आले.

शिलाचा असा वेगळा गट नव्हताच. तिनं उचललेली प्रत्येक कांडी त्या पाचव्या गटात जमा झाली होती.

तिनं कॅमेऱ्यातलं चित्र उघडलं. दहा वाजून दोन मिनिटं. ती बसलेली दिसली. वही ठेवताना दिसली.

मग तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

पुढचे तीन तास ते मांडीवरच होते. पापणी लवत होती, श्वास चालू होता, मान जराशी डावीकडं कललेली होती, कुणाचं तरी बोलणं ऐकल्यासारखी. आणि समोरच्या ढिगातून एकेक कांडी टोपल्यात जात होती.

शिलानं आपल्या बोटांकडं पाहिलं. मग ती हापशावर गेली आणि साबणानं हात धुतले. दोनदा धुतले. हळद अशी लगेच जात नाही, हे तिला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी ती तांड्यावर गेली. बेबीबाई बाजेवर टेकून बसली होती. शिलानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आईचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"याडी," तिनं आईला विचारलं, "तू निवडायला जायचीस तिथं अशी जागा सोडायचे का?"

बेबीबाईनं लेकीचे हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. "ते मशीन सोडून देतीस का?"

"नाही."

"मग जे तुजं न्हाई ते त्यातून काढून टाक. आन् परत तिथं बसू नको."

शिलानं तेच केलं. दोन दिवस लागले. पाचव्या गटाची एकूण एक नोंद तिनं पुसली, तिची स्वतःचीही, आणि हाताला पहिल्यापासून फक्त चौघींवर शिकवलं. आता हात प्रत्येक कांडी उचलत होता, तोलत होता, मग ठरवत होता. काम सावकाश झालं. शंभर पोकळ कांड्यांमागं चार त्याच्याकडून निसटत होत्या.

गुरुवारी शेतकरी आले. तिनं निसटणाऱ्या चार कांड्यांचंही आधीच सांगून टाकलं. उत्तमरावांनी कपाळाला हात लावला. पण हट्ट्याचे किशनराव, ज्यांच्याकडं सगळे बघत होते, ते हाताजवळ बराच वेळ उभे राहिले. शेवटी म्हणाले, "चार तर बाया बी चुकतात. आन् ह्याला खोकला न्हाई." लोक हसले. पुढच्या हंगामासाठी आणखी दोन हात ठरले. शिलानं तिथूनच आईला फोन करून सांगितलं.

सोमवारपासून हात रोजच्या कामाला लागला आणि चौघींना पिशव्या भरायचं काम मिळालं. शेडच्या मागं एक स्वच्छ खोली होती, खिडक्यांना जाळी, धूळ नाही. शिला साडेनऊला पोचली. हाताची चाचणी घेतली, पट्ट्याला तेल दिलं आणि चौघींचं कसं चाललंय ते बघायला मागं गेली. दारातूनच तिला त्या दिसल्या. निवडलेल्या हळदीभोवती बसल्या होत्या, गप्पा रंगल्या होत्या, आणि भागूबाई व द्वारकाबाई यांच्यामधे एका माणसाची जागा होती.

शिला दारातच थांबली. पायातल्या चपला अजून काढल्या नव्हत्या.

"इथंही जागा सोडलीत का, भागूबाई?" तिनं विचारलं.

भागूबाईंनी मान वळवली. दाराकडं नाही. शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघून, थट्टेला हसावं तसं हसून त्या म्हणाल्या, "सोडली कुठं, शिलाबाई? सकाळधरनं बसल्यात की तुमी."

मिनानं एक पिशवी भरली, तोंड दुमडलं आणि न बघताच मधल्या जागेकडं पुढं केली. मग बोटं सोडून तिनं हात मागं घेतला.

पिशवी खाली पडली नाही.