फिल्टरखालचा डबा

वडिलांच्या जुन्या ट्रॅक्टरमधून तेल गळत होतं आणि धाकट्याच्या नाकी नऊ आले होते.

गळती कुठे आहे हे आंधळ्यालाही सांगता आलं असतं. इंजिनाच्या कुशीला लोखंडी भांड्यासारखा तेलाचा फिल्टर होता. आत गाळणी, मधून आरपार लांब बोल्ट, आणि भांड्याची कड वर जिथे टेकते त्या खाचेत रबरी रिंग. त्या रिंगेपाशी एक थेंब जमायचा, फुगायचा आणि खालच्या पत्र्याच्या डब्यात पडायचा. धाकट्याने रिंग बदलली, थेंब आला. जाड रिंग आणली, बोल्टखालचा तांब्याचा वायसर लाल होईतो तापवून मऊ केला, भांड्याची कड काचेवर घासून सपाट केली आणि जीव खाऊन बोल्ट आवळला. पहिले पाढे पंचावन्न! त्याने पाना भिंतीवर फेकला, मग स्वतःच जाऊन उचलून आणला.

एवढा आटापिटा दादामुळे होता. घरात नवा ट्रॅक्टर येणार होता आणि शेड एकच.

"रविवारी भंगारवाला येतोय," दादाने सांगून टाकलं होतं. "तोवर गळती थांबली तर हा राहील, नवा मी बाहेर उभा करीन. नाही थांबली तर तोंड वाकडं करायचं नाही."

दादाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. धाकटा पुरतं चालायला शिकला नव्हता तेव्हापासून वडिलांच्या मांडीवर बसून ह्या ट्रॅक्टरवर फिरला होता. वडील गेले, आणि त्यांच्या मागे त्यांचा म्हणावा असा आवाज ह्या इंजिनाचाच काय तो उरला. तो तुकडे करून किलोवर विकला जाणार ह्या विचाराने त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

त्यात एक भलतीच गोष्ट त्याच्या लक्षात आली. डबा सकाळी काठोकाठ भरलेला असायचा, पण इंजिनातलं तेल मोजायची पट्टी काढून बघावी तर तेल वरच्या खुणेवर जसंच्या तसं. त्याने वडिलांच्या वेळच्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने तेल बोटांत चोळलं, हुंगलं, शेवटी जिभेच्या टोकाला लावलं. तेलात काय मिसळलंय ते जीभ सांगते, हे धाकट्याला त्यानेच शिकवलं होतं.

"पाणी नाही, डिझेल नाही. चांगलं तेल आहे," मिस्त्री थुंकून म्हणाला. "वरून किती भरतोस?"

"थेंबभरही नाही."

"मग हे येतं कुठून?"

"तेच विचारायला बोलावलं ना तुम्हाला!"

मिस्त्रीने पिशवीतून पक्कड काढली. एका हाताने सहज उघडमीट व्हायची ती पक्कड आता दोन्ही हातांनी उघडेना. मिस्त्रीने तिच्या सांध्यावरून बोट फिरवलं; तेलाचा मागमूस नव्हता. मग त्याने पिशवी उचलली आणि चहालाही न थांबता निघून गेला.

घरात दार कुरकुरायला लागलं ते त्याच सुमारास. मग बायकोचं शिवणयंत्र अडलं.

"अहो, काल तेलाची अख्खी कुपी ओतली मशीनमध्ये," ती म्हणाली. "आज बघा, कोरडं ठणठणीत."

"मला फिल्टर पुरे झालाय. तुझं मशीन नंतर!"

तरी दाराची कुरकुर डोक्यात जायला लागली, तेव्हा त्याने डब्यातलं वाटीभर तेल बिजागऱ्यांवर ओतलं. दार गप्प झालं. सकाळी बिजागऱ्या घासून पुसल्यासारख्या कोरड्या होत्या आणि डबा पुन्हा भरला होता. दुसऱ्या दिवशी बायकोने केसांवरून हात फिरवला.

"रात्री तेल चोपडलं होतं हो. गवत झालंय नुसतं."

तिचे ओठ फुटले होते. त्याचे स्वतःचे हात दिवसभर तेलात, तरी बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. धाकट्याने हे सगळं पाहिलं. पण चिडलेल्या माणसाला एकच वैरी पुरतो, आणि त्याचा वैरी इंजिनाला लटकलेला होता. तो पुन्हा शेडमध्ये गेला.

रविवारी सकाळी त्याने भांडं परत उतरवलं आणि निव्वळ संतापाने खाचेत दाभण खुपसत बसला. टोकाला काळा तुकडा लागला. मग दुसरा. खाचेच्या तळाशी वडिलांच्या हातची जुनी रिंग होती, दगडासारखी कडक झालेली. इतके दिवस तो तिच्यावरच नवी बसवत होता! धाकट्याने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली आणि हसत सुटला.

जुनी रिंग निघाली, नवी बसली. इंजिन चालू झालं. दादाने येऊन फिल्टरखाली तळवा धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. तळवा कोरडाच राहिला.

"जिंकलास बाबा," दादा म्हणाला. "भंगारवाल्याला नको म्हणून सांगतो. हा आता इथून हलायचा नाही."

तेवढ्यात घरातून किंकाळी आली.

दार अडलं होतं. बायकोने जोर लावून ढकललं, आणि फटीत त्यांच्या लेकीचं, चिमणीचं बोट होतं. दोन वर्षांची पोर लालबुंद होऊन हंबरडा फोडत होती. धाकट्याने तिला उचलून घेतलं. बोट शाबूत होतं. त्याला हायसं वाटलं.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "हिचे डोळे बघा."

पोर जिवाच्या आकांताने रडत होती. गाल कोरडे होते. डोळ्यांत टिपूस नव्हतं.

त्याने तिला बायकोकडे दिलं आणि तो शेडकडे पळाला.

पट्टी काढली. तेल खुणेच्या वर चढलं होतं.

पट्टीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. काळा नाही, पिवळा नाही. पाण्यासारखा स्वच्छ.

त्याने तो जिभेला लावला.

खारट.

धाकटा ट्रॅक्टरखाली आडवा झाला, डबा ओढला आणि इंजिनाच्या तळाचा नट फिरवून काढला. बारीक, नितळ धार लागली.

"अरे, काय करतोस हे?" दादा धावत आला. "थांबली ना गळती?"

"दादा, ह्याला घेऊन जा. आत्ताच्या आत्ता, भंगारात घाल, कुठेही घाल..." तो हुंदके देऊन रडायला लागला.

दादा त्याच्याशेजारी उकिडवा बसला. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच्या कोरड्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हात काढून घेतला.

डब्यात पडणारी धार थोडी जाड झाली होती.