खिडकीतला चौथा प्रश्न

बस-स्टँडच्या मागच्या अंगाला एक खोली होती, हरवल्या-सापडल्या वस्तूंची. लोक बसमध्ये छत्र्या विसरतात, डबे विसरतात. एकदा तर कुणी कवळी विसरून गेलं होतं. जेवायला बसल्यावर आठवली असेल मेल्याला! त्या खोलीच्या खिडकीत बसायची भोंगा. आईबापांनी नाव चांगलं ठेवलं होतं, पण आवाज असा की फलाटावरची झोपलेली कुत्री उठून बसायची. म्हणून सगळे भोंगा म्हणायचे, आणि तीही खुशाल ओ द्यायची.

मनाने वाईट नव्हती हो. पण समोर कुणी रडवेलं झालं की तिच्या तोंडाचा नळ सुटायचा. "अहो जाऊ द्या हो! पिशवीच ना? दुसरी घ्या. रडून काय होणारे!" हसू नका, तुम्हीही असंच म्हणता. समोरची बाई आणखी हुंदके द्यायला लागली की ही आणखी मोठ्याने समजूत घालायची.

शेजारच्या टेबलाशी काका बसायचे, म्हातारे, मोजकं बोलणारे. ते म्हणायचे, "अगं भोंगे, त्यांची पिशवी तू बघितलीस का? नाही ना? मग विचार की. काय हरवलं, कसं होतं, शेवटचं कुठं पाहिलं, आत काय होतं. माणूस सांगता सांगता निवतं. आणि मिळेल असं कधी म्हणायचं नाही. लोक तेवढं एक धरून बसतात."

"तुमचं आपलं काहीतरीच, काका," म्हणून ही डबा उघडायची.

मग तिच्या धाकट्या बहिणीचं बाळ गेलं. जन्मलं, आणि रडलंच नाही. भोंगा धावत गेली, धाकटीला कवटाळलं, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "जाऊ दे गं. रडू नको. दुसरं होईल."

छत्रीवाल्यांना म्हणायची, तेच.

धाकटीने भोंगाला हाताला धरून दाराबाहेर आणलं आणि आतून कडी घातली. तेव्हापासून भोंगा रोज संध्याकाळी जायची, दार वाजवायची. "अगं, मी आहे, ताई!" आत पावलं वाजायची, दारापर्यंत येऊन थांबायची, आणि परत फिरायची. मेहुणा जिन्यात भेटला की मान हलवायचा. "जेवत नाही, ताई. माझ्याशीही बोलत नाही. असंच चाललं तर ही पण जाईल हो माझी."

तेव्हा कुठे भोंगा ताळ्यावर आली. खिडकीतल्या माणसांवर तिने सराव मांडला. जीभ दातांखाली धरून बसायची. एक आजोबा काठी हरवली म्हणून आले तर हिने बळंच हळू आवाजात विचारलं, "कशी होती हो काठी?" आजोबांनी मुठीवरच्या चाव्याच्या खुणा सांगितल्या. कुत्र्याने चावलेल्या, कुत्रं लहान होतं तेव्हा. आता कुत्रंही नव्हतं. सांगता सांगता आजोबा हसले, डोळे पुसले आणि काठीशिवायच निघून गेले. भोंगा बघतच राहिली. काकांनी नुसती भुवई उडवली.

मग एके दिवशी काका खोकल्याने घरी होते. दिवेलागणीला बाहेर धुकं असं दाटलं की फलाटावरच्या बसगाड्या दिसेनात, नुसती इंजिनं गुरगुरायची. मग तीही थांबली. भोंगा खिडकी ओढून घेणार, तेवढ्यात तिला रडणं ऐकू आलं. बारीक, एकसुरी. नळ नीट बंद केला नाही की ठिबकतो ना, तसं.

समोरच्या बाकावर एक बाई बसली होती. तोंड भिंतीकडे. केसांतून पाणी गळत होतं, आणि बाहेर तर पाऊस नव्हता. ओल्या लोकरीचा वास आला. भोंगाला तो वास ओळखीचा होता. मागच्या फळीवर एक जुना कोट होता ना, काका नोकरीला लागले त्याच्याही आधीपासूनचा, त्याचा. कितीही उन्हं द्या, कोरडा व्हायचा नाही. टाकून द्यायचा विषय काढला की काका म्हणायचे, "असू दे. कुणाचा तरी आहे."

"काय हरवलंय, ताई?" भोंगाने विचारलं.

"कोट..."

"कसा होता?"

"करडा... वरचं बटण लाल. आईने लावलेलं... तिच्याकडे दुसरं नव्हतं..."

फळीवरचा कोटही करडाच, लाल बटणाचा. तरी ती पुढचं विचारती झाली. "शेवटचा कुठं पाहिलात?"

"इथंच. या बाकावर. सगळे येऊन म्हणाले, रडू नको, रडू नको... आणि गेले."

"आत काय होतं?" खिशात काय होतं, एवढंच हिच्या मनात.

बाईचं रडणं थांबलं.

"आत... मी होते."

एरवी भोंगाने खिडकी आपटून धूम ठोकली असती. पायही उचलला होता. पण धाकटीची ती दारापर्यंत येऊन परत फिरणारी पावलं तिच्या कानात वाजली. ती बाहेर आली, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. गार लागत होतं, पण बसली. "रडा तुम्ही," ती म्हणाली. "तुमचं होईपर्यंत मी उठत नाही."

बाई रडली. मग हळूहळू रडणं निवलं, आणि तोंड न वळवता तिने विचारलं, "तुमचं कोण रडतंय?"

भोंगाने सगळं सांगितलं. बाळाचं, कडीचं, घराचा पत्तासुद्धा. तोंडाचा नळ तो, एकदा सुटला की सुटला.

"बहिणीला... तिचं मिळेल का?"

आता सांगा, अशा वेळी कोण नाही म्हणेल? "मिळेल," भोंगा म्हणाली. "कुणी नीट विचारलं की मिळतं." आणि कोट आणायला आत गेली.

फळीवर कोट नव्हता. नुसता ओला डाग. बाहेर येऊन बघते तर बाकही रिकामा.

भोंगा पळत सुटली ती थेट धाकटीच्या घरी. वाजवायला हात उचलला आणि दार आपणच उघडलं. दारात धाकटी, केस विंचरलेले, चेहरा कसा निवांत.

"ये ताई," ती कुजबुजली. "तुझ्या ऑफिसातली बाई आली होती ना... तिने विचारलं, कसं होतं ते सांग. कुणी विचारलंच नव्हतं गं मला. मी सांगितलं. नाक, बोटं, कानामागचा तीळ. सगळं."

भोंगाला रडू फुटलं. "माझं चुकलं गं..."

"हळू!" धाकटीने तिच्या तोंडावर हात ठेवला. "आत्ताच झोपलंय."

आतल्या खोलीत दिवा नव्हता. ओल्या लोकरीचा वास. पाळण्याशेजारच्या खुर्चीत तो करडा कोट होता, लाल बटण लावलेलं, आत कुणी नाही. रिकाम्या कोटाच्या बाह्या कशा लोंबतात? तशा लोंबत नव्हत्या. मांडीवर काहीतरी सांभाळून धरल्यासारख्या दुमडल्या होत्या, आणि खुर्ची हळूहळू डुलत होती.

"ताई," धाकटी हसून म्हणाली, "ती बाई म्हणाली, चौथा प्रश्न तू विचारशील. विचार ना, आत काय आहे?"

भोंगा उलट्या पावली दारापर्यंत मागे सरली.

ती अजून खिडकीत बसते. आवाज इतका बसलाय की कुत्रीसुद्धा उठत नाहीत. तीन प्रश्न विचारते, चौथा विचारत नाही. संध्याकाळी धाकटीकडे जाते. धाकटी जेवते, बोलते, अंगाने भरलीये. मेहुणा खूश आहे. आतल्या खोलीत मात्र तो जात नाही. भोंगा जाते, पण उंबऱ्यापर्यंतच. दरवाजातूनच त्या कोटाकडे बघते.

बाह्या अजून दुमडलेल्याच आहेत. फक्त दर खेपेला त्यांचा वेढा थोडा मोठा असतो.