सरासरीची भाकरी

कोठारनगरच्या धान्य प्रयोगशाळेत एक चूल होती, आणि तीही नियमाने. मक्याचा साठा वाटपाला निघण्याआधी त्यातला एक किलो दळायचा आणि त्या पिठाची भाकरी प्रमुख धान्यशास्त्रज्ञाने कॅमेऱ्यासमोर खायची. हा नियम डॉ. अच्युत गाडेकरांनी स्वतःच घालून दिला होता, आणि गेली अकरा वर्षं ते तो मिटक्या मारत पाळत होते.

त्या सकाळी भाकरी थापत होती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी आणि आता प्रयोगशाळेतली मदतनीस, विदुला ठोंबरे. दोन वर्षांपूर्वी तिची बहीण कुंदा याच कोठारातला मका खाऊन वारली. कुंदा आश्रमशाळेत शिकवायची, पोरांच्या पंगतीतच जेवायची. तिच्या वर्गातली दहा पोरंही पिवळी पडून आठवड्याभरात गेली. चौकशी समितीपुढे गाडेकर शांतपणे म्हणाले होते, "हा मका छत्तीस हजार लोकांनी खाल्ला. अकरा दगावले. सरासरी काढा, ही दुर्घटना ठरतच नाही." समितीनेही माना डोलावल्या. तेव्हापासून विदुलाला माफी नको होती, न्यायही नको होता. तिला या माणसाचा सूड हवा होता, बस.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?" गाडेकरांनी खुर्ची ओढली.

"वेचकनेत्र झकास चालतंय, सर. बुरशीचं विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत. हजारो दाणे स्वच्छ आणि एखादाच विषाने ठासून भरलेला. जांभळ्या प्रकाशात तो हिरवट चमकतो. यंत्र त्याला हेरतं आणि हवेच्या झोताने बाजूला उडवतं."

"आणि एकेका दाण्याच्या मागे लागू नये, हेही मीच शिकवलं. साठा मिसळायचा, सरासरी मोजायची. ती मर्यादेत बसली की माल पास."

"पण खाणारा सरासरी खात नाही ना, सर. त्याच्या ताटात येईल तो दाणा खातो."

"तू अजून बहिणीपाशीच अडकलीस बघ," गाडेकर हसले. "वाढ आता, भूक लागलीय."

तिने भाकरी वाढली आणि वर लसणाची चटणी सढळ हाताने घातली. गाडेकरांनी कॅमेऱ्याकडे बघून तुकडा मोडला. अर्धी भाकरी पोटात गेल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं.

"कडवट लागतेय गं. साठ्याची सरासरी किती आली?"

"मर्यादेच्या निम्मी."

"मग ठीक आहे," म्हणून त्यांनी उरलेलीही संपवली. माणूस स्वतःच्या सिद्धांताशी इमानदार होता, एवढं मान्य करायला हवं.

विदुलाने हात धुतले. कॅमेरा तिने चालूच ठेवला.

"काल सगळी हजार पोती यंत्रातून काढली," ती म्हणाली. "आता त्या पोत्यांत विषाचा कणही नाही. यंदा कुणाचं लेकरू जाणार नाही."

"मग वेचलेले दाणे कुठायत?"

"किलोभर निघाले. तुमच्या नियमात त्याच साठ्यातला एक किलो, एवढंच लिहिलंय. कुठला, ते तुम्ही मुद्दाम लिहिलं नव्हतंत. म्हणजे दरवर्षी चांगला निवडता येत होता. यंदा मी निवडला."

गाडेकरांचा हात ताटातच राहिला. या विषाला उतारा नाही, हे ते दरवर्षी पहिल्याच तासाला वर्गात सांगत असत.

"डॉक्टरला बोलव, विदुला," त्यांचा आवाज चिरकला. "अगं, मी मरेन."

"सरासरी जिथल्या तिथे आहे, सर. फक्त सगळी तुमच्या ताटात आली." तिने ताट उचललं आणि मोरीत ठेवलं. "हा मका छत्तीस हजार लोक खातील. एक दगावेल. काढा सरासरी."