उतरेनात ते सेल

ही घटना अफजलपुरातली. साल १९८६, वैशाखातली टळटळीत दुपार. ज्यांच्यावर बेतलं त्या मालतीबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत, आणि मुलखात त्यांना ओळखणारे अजून आहेत.

मालतीबाईंना पस्तिशीपासून ऐकू यायचं नाही. गळ्यात काडेपेटीएवढं यंत्र आणि त्याची वायर कानात. यंत्रात चार्जिंगचे दोन सेल.

ते सेल सांभाळायचे त्यांचे यजमान, जयतीर्थ मास्तर. उन्हात ठेवू द्यायचे नाहीत. टोकं कोरड्या फडक्यानं पुसायचे. आणि अर्धवट उतरलेला सेल कधी चार्जिंगला लावायचे नाहीत.

"पुरता उतरू दे," म्हणायचे. "मधीच लावलं की सेल आळशी होतो."

चैत्रात मास्तर गेले.

दिवसकार्य होईस्तोवर यंत्र कोनाड्यात पडून होतं. पंधराव्या दिवशी मालतीबाईंनी ते कानाला लावलं. सेल केव्हाच उतरले असणार, हे धरूनच.

यंत्र चालू झालं.

उतरले की लावू चार्जिंगला, असं त्यांनी ठरवलं. एरवी दीड दिवसात उतरायचे.

चार दिवस गेले... आठ गेले...

उतरेनात.

मग एकेक आवाज कमी व्हायला लागला. आधी सोलापूरच्या बसचा. मग कावळ्यांचा. मग शेजारच्या गौरम्माचा. तिचे ओठ हलायचे, शब्द यायचा नाही.

पण यंत्र बंद नव्हतं.

आत कुणीतरी... श्वास घेत होतं.

एका दुपारी त्या श्वासातून हाक आली.

"अगं..."

मास्तरांचा आवाज. मालतीबाईंना रडू कोसळलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रोज दुपारी भिंतीला टेकून बसायच्या आणि ऐकायच्या.

वैशाखात लेक नलिनी सोलापूरहून आली, आठ महिन्यांची पोर घेऊन. त्या दुपारी ती दळण आणायला निघाली. मालतीबाईंच्या पाठीमागं चटईवर पोर निजली होती. नलिनीनं पोरीकडं बोट दाखवलं, मग कानाकडं. मालतीबाईंनी होकारार्थी मान हलवली.

दार लोटलं गेलं. तसा आवाज आला.

"हलू नको."

त्या हलल्या नाहीत.

"पुरतं उतरू दे."

"काय उतरू द्यायचं?" त्यांनी विचारलं.

नुसता श्वास. आणि मग त्याच्याशेजारी... आणखी एक.

लहानसा. अडखळत चाललेला.

"आता उतरत आलंय," आवाज म्हणाला.

कुणीतरी त्यांचा खांदा गदगदा हलवला. गौरम्मा होती. तिच्या हातात पोर. तोंड दुपट्यात गुरफटलेलं, ओठ निळे. गौरम्मानं दुपटं ओढून काढलं, पाठीवर थापट्या मारल्या. पोरीनं तोंड वासलं. रडत असावी. मालतीबाईंना काहीच ऐकू आलं नाही.

त्यांनी वायर उपटून काढली.

नलिनी आल्यावर गौरम्मानं सांगितलं, "लेकरू केव्हाचं रडायलतं. एकदम गप झालं म्हणून आले मी." नलिनीनं ते पाटीवर लिहून आईला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या हावगेप्पानं यंत्र उघडलं. दोन्ही सेल फुटलेले, आत पांढरी बुरशीसारखी पूड.

"अक्का, ह्यात काईच राहिलं न्हाई," तो नलिनीला म्हणाला. "महिना झाला असंल मरून. ह्याच्यावर काय ऐकू येतंय?"

त्यानं नवे सेल घातले. मालतीबाईंनी यंत्र पुन्हा कानाला लावलं नाही. पोर मांडीवर असली की तळहात तिच्या छातीवर ठेवायच्या. रडणं हाताला कळायचं.

एकदा नलिनीनं पाटीवर लिहिलं, त्या दुपारी तुला काय ऐकू येत होतं?

मालतीबाईंनी पाटी पुसून टाकली. मग म्हणाल्या, "काही नाही."

तुझ्या बापाचा आवाज होता, हे लेकीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

आणि त्यांचा नव्हता म्हणावं... तर एवढ्या सगळ्या दुपारी आपण कुणाजवळ बसून रडलो?