राग्नाच्या तीन पायऱ्या

दिव्याची वात बारीक करा आणि गप्प बसा. मी शाळेची पायरी चढले नाही, पण खोटं बोलत नाही. हे थेआने मरायच्या दोन दिवस आधी मला स्वतः सांगितलंय. थेआ म्हणजे तुमच्या एलिंग आजोबांची दुसरी बायको. पहिली राग्ना. मी तिसरी.

साल अठराशे सत्त्याऐंशी, चौदा जानेवारी. रेल्वेने जुन्या गावाला वळसा घालून दोन मैलांवर स्टेशन टाकलेलं. मग काय, सारं गावच उठलं! आपल्या या डाकोटा मुलखातल्या घट्ट बर्फावर अख्खं लाकडी घर ओंडक्यांवर चढवायचं, पुढे बारा घोडे जुंपायचे आणि ओढायचं. स्टेशनासमोरची कोपऱ्यावरची जागा कुणाची? पंधरा तारखेच्या दुपारपर्यंत जो आधी घर आणून उभं करेल त्याची. एलिंगला तिथे दुकान थाटायचं होतं.

घर वर चढलं. दाराच्या तीन लाकडी पायऱ्या तेवढ्या जमिनीवर राहिल्या. राग्नाच्या पावलाचं माप घेऊन एलिंगनेच केलेल्या. तो उचलायला गेला.

"राहू देत तिथेच," थेआ म्हणाली.

"अगं, चांगल्या ओकच्या लाकडाच्या आहेत."

"ओकच्या आहेत की तिच्या आहेत? तिलाच न्यायचं होतं तर मला कशाला आणलंस? जा, तिच्या थडग्यापाशी मांड संसार!"

मेलेल्या सवतीवर एवढा जळफळाट! पायऱ्या तिथेच राहिल्या. थडगंही.

अर्ध्या वाटेत अंधार पडला. एलिंग दमलेले घोडे घेऊन जवळच्या शेतावर गेला. शेगडीत पाव भाजत होता, म्हणून थेआ मागे राहिली. घर माळावर एकटं. ना या गावचं, ना त्या. उंबरठा जमिनीपासून चार फूट वर.

अकरा वाजून वीस मिनिटं. घड्याळ तिच्या समोरच होतं.

ठक्.

लाकडावर पाऊल.

"एलिंग?"

...

ठक्.

तेव्हा तिला आठवलं. दाराला पायऱ्या नाहीत.

ठक्.

आता दाराशी. मग काही नाही. कडीही हलली नाही. नुसतं... उभं.

पाव जळून कोळसा झाला. थेआ जागची उठली नाही.

उजाडल्यावर एलिंगची हाक आली, तेव्हा तिने दार उघडलं. समोर तीन पायऱ्या. उंबरठ्याला अगदी चिकटून. भोवती बर्फावर ना ओरखडा, ना पाऊल.

"तूच आणल्यास! तिच्यासाठी रात्रीचा गेलास!"

 एलिंगने नुसता वरच्या पायरीवरून हात फिरवला. हळूच. थेआ मला म्हणाली, "भुताला मी त्या एका रात्रीपुरती भ्याले गं. पण तो हात... तो जन्मभर जळत राहिला."

घर वेळेत पोचलं. जागा मिळाली, दुकान चाललं, पायऱ्याही नव्या जागी दारापुढे बसल्या. थेआ मरेपर्यंत मागच्या दाराने ये-जा करायची.

मी तसली नाही. मी पुढूनच चढते, पाय आपटत. एलिंग होता तोवर एकाही रात्री काही वाजलं नाही.

तो या नोव्हेंबरात गेला. तेव्हापासून अकरा वाजून वीस मिनिटांनी पायऱ्या वाजतात. मी अंथरुणात मोजते. तीन नाही.

सहा.

दार मी उघडत नाही. भ्याले म्हणाल तर थोबाड फोडीन. पण तो राग्नाचा हात धरून उभा असेल... ते मला बघवायचं नाही.