उलट दिलेले पत्ते

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांतला मी. तरी हे लिहितोय, कारण हे माझ्याच हातून झालं. मार्चमधला रविवार, दुपारचे सव्वादोन, माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. शटर आतून ओढलेलं. बाहेर लख्ख ऊन.

टेबलावर दादाचा म्युझिक प्लेअर होता.

दादा, माझा मोठा भाऊ, जाऊन दोन वर्षं झाली. तो फिरतीच्या नोकरीत होता. आईसाठी त्यात गप्पा रेकॉर्ड करून आणायचा. आई रोज जेवण झालं की त्या ऐकत बसायची. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

आणि प्लेअर बंद पडला. चालू केला की कंपनीचं चिन्ह येऊन तिथेच अडकायचा. आई रोज विचारायची, झाला का रे?

कंपनीने केव्हाच हात वर केले होते. मग मी इंटरनेटवरची फुकट, सगळ्यांसाठी खुली असलेली सॉफ्टवेअर उतरवली. फर्मवेअर, म्हणजे प्लेअर चालवणारी आतली यंत्रणा, नव्याने भरायची होती. माहिती बारा वर्षांपूर्वीची, तीही अर्धवट. दोन बटणं दहा सेकंद दाबा म्हणे. दाबली. काही नाही. केबल बदलली, पुन्हा दाबली. सातव्या वेळी कॉम्प्युटरला प्लेअर दिसला, तोवर माझं टाळकं सटकलं होतं.

आधी प्लेअरची पूर्ण नक्कल कॉम्प्युटरवर घ्यायची, मगच हात लावायचा. गिऱ्हाइकांना हे मी शंभरदा सुनावलंय. पण नक्कल चार वेळा सुरू होताच तुटली. दर वेळी मागे एक रिकामी फाइल. पाचव्यांदा मी दात-ओठ खात आदेश टाइप केला. त्यात दोन पत्ते द्यायचे असतात. कुठून आणि कुठे.

मी उलटे दिले.

रिकामी फाइल प्लेअरवर उतरली. दादा पुसला गेला.

दोन तास खटपट केली. एकही शब्द परत आला नाही. फर्मवेअर मात्र पहिल्या झटक्यात बसलं. त्याचाच जास्त राग आला. प्लेअर भिंतीवर आपटावासा वाटला.

मेनू उघडला. फायली शून्य.

मी केबल काढली आणि...

प्लेअरच्या पडद्यावर सेकंद पळू लागले.

एक्केचाळीस... बेचाळीस... काहीतरी वाजत होतं. इअरफोन लावले. आत नुसती शांतता. थांबवायचं बटण दाबलं. सेकंद थांबेनात.

बिघाडच असणार, असं स्वतःला बजावत मी घरी गेलो. आईला खरं सांगायचंच होतं. पण मी तोंड उघडायच्या आत तिने प्लेअर हातातून घेतला, इअरफोन लावले, आणि मला हातानेच गप्प केलं.

ती ऐकत होती...

मग हसली. मान डोलावली. मी तिच्या एका कानातला इअरफोन काढून लावून पाहिला. काहीच नाही.

मी सांगितलं नाही. भास होतोय तर होऊ दे, म्हटलं. भ्याड म्हणा हवं तर. चार दिवस मी तिच्याकडे बघायचंच टाळलं.

पाचव्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "हल्ली नवीनच काहीबाही बोलतो हा. आज तुला निरोप दिलाय."

काय निरोप, मी विचारलं.

"धाकट्याला म्हणावं, आधी कुठून ते बघ, मग कुठे. घाई करतो नेहमी." तिने माझ्याकडे पाहिलं. "कसलं रे हे, कुठून आणि कुठे?"

मी कुणाला एका शब्दाने बोललो नव्हतो. आईने आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही.

काहीतरी थातुरमातुर सांगून मी उठलो.

याला आता सात महिने झाले. प्लेअर तिच्याकडेच असतो. ती तो कधी चार्जिंगला लावत नाही. तो उघडून बघायची माझी हिंमत नाही. ती आंघोळीला गेली की मी रोज इअरफोन लावून बसतो. सेकंद पळत असतात. दादा माझ्यावर रागावलाय का, एवढंच मला विचारायचंय.

मला अजून काहीच ऐकू आलेलं नाही.