भांगाची रेघ

खाडी वाचवायची आणि गावाला कमाईही मिळवून द्यायची, अशा दुहेरी कामगिरीवर मी १९८६च्या मार्गशीर्षात केळशीकडे उतरलो. पुण्याच्या आमच्या संस्थेचा आराखडा सोपा होता. भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथवरचं कांदळवन राखीव, त्याच्या वरची झाडी तोडून कोळंबीची तळी. दोन्हींमधली रेघ शोधून तिच्यावर खुंट्या ठोकणं, एवढंच माझं काम. निसर्गही खूश, गावही खूश! एस.टी.त शेजारच्या प्रवाशाला मी हे दोनदा ऐकवलं.

सोबतीला दोघं होती. साठीचा होडीवाला जैनुद्दीन, पाचही वेळा नमाज पढणारा. आणि चिखलातली कालवं काढून विकणारी हौसा, जिला खाडीतली प्रत्येक वाट पायांनी पाठ होती.

पहिल्याच दिवशी, वद्य अष्टमीला, जैनुद्दीन धक्क्यावर म्हणाला, "सायेब, आज खुंट्या नुको. आज भांग हाय."

माझ्या पुणेरी डोक्यात भांग एकच, घोटून पितात ती! धक्क्यावर वीसेक माणसं उभी होती आणि मला तोंड उघडायची घाई.

"भांग घेऊन कामावर येता? या वयात? नशा उतरली की या!"

कुणीही हसलं नाही. जैनुद्दीनने वल्हं खाली ठेवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो घरी निघून गेला. हौसा काही सांगायला पुढे झाली, तर तिलाही मी गप्प केलं. दुसरी होडी घेतली. भरती जिथे थांबली तिथे ओळीने बेचाळीस खुंट्या ठोकल्या आणि रात्री शांत झोपलो.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभेत आराखडा मंजूर व्हायचा होता. त्यासाठी खुंट्यांचे फोटो हवे होते, म्हणून आदल्या दिवशी, अमावास्येला, सकाळच्या ओहोटीत मी हौसाला घेऊन चालतच खाडीत शिरलो.

"आज उधान हाय, सायेब. धाच्या आत भायेर पडू."

"हो, हो," म्हणालो आणि फोटो काढत बसलो. पायाखालचा चिखल मऊ होता, झाडांच्या मुळांतून खेकडे लगबगीने बिळांत शिरत होते, पलीकडे बगळे स्वस्थ उभे होते. अकरा कधी वाजले ते कळलंच नाही.

पाणी आलं! आधी घोट्यापर्यंत. मी वळलो. चिखलाने एक बूट गिळला. मग दुसरा! पाणी गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं. वाट दिसेना.

"झाडावर चढा! आदी चढा!" हौसा ओरडली.

चिपीच्या एका झाडावर आम्ही कसेबसे चढलो. कॅमेरा गेला. डोळ्यांदेखत माझ्या खुंट्या बुडाल्या, आणि पाणी तिथे थांबलं नाही! माझ्या रेघेच्या वर, जी झाडी मी तोडायला काढली होती तिच्यात, ते कमरेएवढं चढलं. तिथे मात्र त्याचा जोर मोडला. झाडीपलीकडची भातखाचरं कोरडी होती.

"एवढं पाणी? अष्टमीला तर..."

"तवा भांग व्हता ना!" हौसा चिडून म्हणाली. "भांगाला भरती मागंच ऱ्हाते. पुनवेला, आवशेला उधान येतं. जैनुचाचा ताच सांगत व्हता. तुमी आयकलंत कुटं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात विडीही ओढली नव्हती, त्याला मी भर धक्क्यावर नशेबाज ठरवलं होतं, आणि त्याच अज्ञानावर अख्खं जंगल तोडायला निघालो होतो!

कडाड! माझ्या पायाखालची फांदी मोडली. मी पाण्यात लोंबकळलो. हौसाने माझी कॉलर धरली. तिचा हात सुटत चालला होता.

"धर! सोडू नुको!" झाडांतून होडी घुसली. जैनुद्दीन! ओहोटीला आत गेलेली दोघं परतली नाहीत, हे त्याने धक्क्यावरून हेरलं होतं. त्याने मला बगलेत हात घालून आत ओढलं, मग हौसाला घेतलं.

"चाचा, माझं चुकलं," मी दम लागलेला असतानाच म्हणालो. "माफ करा."

तो वल्हं मारत राहिला. "हितं नुको, सायेब. तुमी धक्क्यावर बोल्लात. तितंच सांगा."

धक्क्यावर माणसं जमलीच होती. चिखलाने माखलेला, अनवाणी, मी त्यांच्यापुढे उभा राहिलो.

"जैनुचाचांनी नशा केली नव्हती. भांग म्हणजे काय ते मलाच ठाऊक नव्हतं. माझी रेघ चुकली आहे. ती झाडं तोडायची नाहीत, ती तुमची शेतं राखतात. उद्या मी आराखडा मागे घेतोय."

"मंग कोलंबीची तली?" सरपंच रावजींनी विचारलं. तळ्यांच्या भरवशावर मुंबईतून परत बोलावलेला त्यांचा मुलगा शेजारीच उभा होता.

"उधाणाची रेघ धरून नव्याने आखू. पण जागा फार थोडी उरेल."

मुलगा मान फिरवून निघून गेला. सगळ्यांपुढे चूक कबूल केली, आता सुटलो, असं मला वाटलं. तेवढ्यात जैनुद्दीन हळू आवाजात म्हणाला, "आमची बिल्किस सात दिस पानी भराया हिरीवर गेली नाय. बायका इचारतात, तुजा घोव भांग पितो काय? तिलाबी सांगा."

मी तसाच त्याच्यामागून निघालो. त्याने घराची कडी वाजवली आणि तो बाजूला झाला. आतून बांगड्यांचा आवाज आला, पण दार लवकर उघडलं नाही.